वैराविना विरोध

'विरोध' आणि 'वैर' हे दोन शब्द मराठीत इतके जवळ नांदतात की, एकाचा उच्चार होताच दुसरा आपोआप मनात उमटतो. अर्थ मात्र दोहोंचा एक नाही. विरोध एखाद्या कृतीला, मताला किंवा मागणीला असतो. वैर माणसाशी असते. विरोधाला विषय लागतो, आणि तो विषय मिटला की विरोधही मिटावा अशी अपेक्षा असते. वैराला विषयाची गरज उरत नाही. ते स्वत:च्याच आधारावर जगते आणि पुष्कळदा बापाकडून मुलाकडे वारशाने जाते. हा भेद कागदावर मांडणे सोपे आहे. व्यवहारात तो सांभाळणे किती कठीण जाते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पतपेढीच्या निवडणुकीत समोरासमोर उभे राहिलेले दोन गृहस्थ पुढे एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नाहीत. शेताच्या बांधावरून निघालेला वाद, मूळ बांध कोठे होता हे सर्वांना विसरायला झाले तरी चालूच राहतो.

या अनुभवातून समाजाने एक पळवाट शोधून काढली आहे. वैर नको ना, मग विरोधच नको! सभेत मान डोलवावी आणि घरी परतताना वाटेत खरे मत बोलून दाखवावे. या रीतीला आपण सलोखा म्हणतो. स्त्रियांच्या वाट्याला तर हा सलोखा लहानपणापासूनच येतो. मुलीने आवाज चढवू नये, पुढे घुसू नये, कुणाला धक्का लागणार नाही अशा बेताने अंग चोरून चालावे आणि वेळप्रसंगी पडते घ्यावे, ही शिकवण केवळ आपल्याकडची नाही. जगाच्या पाठीवर बहुतेक सर्व समाजांनी ती आपापल्या भाषेत दिली आहे. जे समोर बोलता येत नाही ते नाहीसे होत नाही. ते पाठीमागे बोलले जाते, आणि तेथे त्याचे वैर होते.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो: माणसाला दुसऱ्याच्या वाटेत पूर्ण शक्तीनिशी उभे राहता येते काय, आणि तरीही त्याचा वैरी न होता? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून तपासता येईल. आम्ही येथे तो एका खेळाच्या आधारे तपासू इच्छितो. खेळ अमेरिकेतला आहे, बायकांचा आहे आणि प्रथमदर्शनी तरी भांडणासारखाच दिसणारा आहे. त्याचे नाव रोलर डर्बी.

चाकांचे स्केट पायांत घालून लंबगोल मार्गावर धावावयाचे आणि धावता धावता अंगाने अंगाला अडवावयाचे, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. याचा उगम महामंदीच्या काळातला. १३ ऑगस्ट १९३५ रोजी शिकागोच्या कोलिझियममध्ये लिओ सेल्ट्झर या व्यावसायिकाने स्केटवरील एक दीर्घ शर्यत भरविली. एक पुरुष व एक स्त्री अशा जोड्या दिवसेंदिवस गोल फिरून अमेरिका खंड ओलांडण्याइतके, म्हणजे सुमारे तीन हजार मैलांचे, अंतर तोडत होत्या. पुढे असे लक्षात आले की, प्रेक्षकांना शर्यतीपेक्षा वळणावर होणाऱ्या टकरी अधिक आवडतात. डेमन रनियन या क्रीडावार्ताहराने सेल्ट्झरला टकरींवरच भर देण्याचा सल्ला दिला, आणि त्या दशकाच्या अखेरीस शर्यतीचा संघांत खेळला जाणारा, गुणांचा खेळ झाला. १९४८ पासून दूरचित्रवाणीने तो घरोघरी नेला. १९७३ साली सेल्ट्झरच्या मुलाने व्यवसाय बंद केला, तेव्हा त्या खेळात नाट्य फार आणि खेळ थोडा असा लौकिक झालेला होता. पुढे १९८९ च्या सुमारास अमेरिकन दूरचित्रवाणीवर त्याचे जे एक रूप आले, त्यात तर बरोबरीत सुटलेल्या सामन्याचा निकाल जिवंत सुसरींच्या खड्ड्याभोवती लावला जात असे.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. त्या काळी तिकिटावर जे विकले जात होते ते वैर होते. अमकी तमकीचा सूड घेणार, अमकीने तमकीचे केस ओढले, असे दाखविल्याखेरीज प्रेक्षागृह भरत नसे. धक्के पुष्कळदा दाखविण्यापुरते असत आणि द्वेष रंगवून सांगितलेला असे. विरोधाला पाहणारे मिळत नाहीत, वैराला मिळतात, हे त्या व्यापाऱ्यांनी ओळखले होते. आजही वर्तमानपत्रांना आणि दूरचित्रवाणीच्या चर्चांना ते ठाऊक आहे.

या मोडीत निघालेल्या खेळाला २००१ साली टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात काही स्त्रियांनी नवे आयुष्य दिले. ज्याने त्यांना प्रथम एकत्र बोलाविले तो गृहस्थ मध्येच निघून गेला. त्यांनी स्वत:च संघ पाडले, नियम घातले आणि खेळ सुरू केला. दोन वर्षांत त्यांच्यात मतभेद होऊन दोन मंडळे झाली. एकीने जुना, कडेला उंचावत गेलेला लाकडी मार्ग ठेवला. दुसरीने सपाट जमिनीवर खेळायचे ठरविले. हा दुसरा निर्णय फार दूरवर परिणाम करणारा ठरला. उंच लाकडी मार्ग बांधणे, साठविणे व हलविणे मोठ्या खर्चाचे असते. सपाट मार्गाला एक दोरी आणि चिकटपट्टी पुरते. जमिनीवर दोरी अंथरून ती पट्टीने चिकटवायची, म्हणजे पायाला किंवा चाकाला हद्द जाणवते. स्केटिंगचा हॉल असो, गोदाम असो की व्यायामशाळा, तासाभरात मैदान तयार होते.

यामुळे हा खेळ ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांच्या हाती आला. २००४ साली अशा निरनिराळ्या शहरांतील मंडळांनी एकत्र येण्यास प्रारंभ केला, आणि २००५ पासून 'विमेन्स फ्लॅट ट्रॅक डर्बी असोसिएशन' हे नाव रूढ झाले. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा २००६ साली अ‍ॅरिझोनातील टूसॉन येथे झाली. २०११ साली टोरांटोला पहिली विश्वचषक स्पर्धा भरली तेव्हा तेरा देशांचे संघ उतरले होते. या संस्थेचे नियम एखादा मालक करीत नाही, सभासद मंडळेच करतात. मंडळातल्या बायका परिचारिका असतात, शिक्षिका असतात, दुकानांत किंवा कचेऱ्यांत काम करणाऱ्या असतात. खेळण्याचे पैसे त्यांना मिळत नाहीत. उलट दरमहा वर्गणी भरून त्या खेळतात. हिशेब, सरावाचे वेळापत्रक, तिकिटांची विक्री, नवोदितांचे शिक्षण, सर्व कामे समित्या करून आपसांत वाटून घेतलेली असतात. पुष्कळ ठिकाणी सामन्याच्या उत्पन्नाचा काही भाग एखाद्या सेवाकार्याला दिला जातो.

आता खेळ कसा चालतो ते पाहू. सामना साठ मिनिटांचा, तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांचा. प्रत्येक संघात जास्तीत जास्त पंधरा जणी. एका वेळी मार्गावर पाच. डाव लहान लहान झटापटींत विभागलेला असतो. अशा झटापटीला 'जॅम' म्हणतात. ती जास्तीत जास्त दोन मिनिटे चालते, आणि दोन जॅमच्या मध्ये तीस सेकंदांची उसंत असते. पाचांपैकी एक 'जॅमर'. तिच्या हेल्मेटवर ताऱ्याचे आच्छादन असते. उरलेल्या चौघी 'ब्लॉकर'. त्यांतली एक 'पिव्हट'. तिच्या हेल्मेटवर पट्टा असतो. शिट्टी होताच दोन्ही संघांच्या जॅमर मागून निघतात आणि पुढे असलेल्या आठ ब्लॉकरांच्या घोळक्यातून वाट काढू लागतात. पहिल्या वेळी नुसते बाहेर पडावयाचे असते. फेरी मारून पुन्हा घोळक्यात शिरल्यावर, प्रतिस्पर्धी संघाच्या जितक्या ब्लॉकरांना ती नियमाने ओलांडील तितके गुण तिच्या संघाला मिळतात.

आपल्या वाचकांनी कबड्डीतील चढाई मनासमोर आणावी. तेथे एकटा गडी सात जणांच्या हद्दीत शिरतो आणि स्पर्श करून परततो. येथे जॅमरला परतायचे नसते, पार व्हायचे असते. आणखी एक मोठा फरक असा की, कबड्डीत एका वेळी एकच बाजू चढाई करते. येथे दोन्ही बाजूंच्या चढाया एकाच वेळी, एकाच दिशेने चालू असतात. त्यामुळे प्रत्येक ब्लॉकरला एकाच क्षणी दोन कामे करावी लागतात: समोरच्या संघाच्या जॅमरची वाट अडवायची, आणि आपल्या जॅमरसाठी वाट मोकळी करायची. अडविणारे आणि वाट देणारे अंग एकच असते. जीवनातही आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती अशीच असते, हे सहज लक्षात येईल.

या खेळातले धक्के खरे असतात. खांदा, कंबर, नितंब, छाती यांनी प्रतिस्पर्ध्याला अडविता येते, ढकलता येते, मार्गाबाहेर फेकता येते. हात, कोपर, डोके, पाय यांचा वापर निषिद्ध. पाठीवर, डोक्यावर आणि मांडीच्या मध्याखाली धक्का देणेही निषिद्ध. म्हणजे शक्ती वापरण्याची मुभा आहे, पण कशाने आणि कोठे हे ठरलेले आहे. माणसाचा हात त्याच्या मनाच्या सर्वांत जवळचा अवयव होय. थोबाडीत मारणे, केस ओढणे, गळा धरणे ही सर्व हाताची कामे. हा खेळ तो हातच बाजूला ठेवतो.

नियमांतील आणखी एक गोष्ट नीतीच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी आहे. निषिद्ध स्पर्श झाला की पंच खेळाडूचा हेतू शोधीत बसत नाही. त्या स्पर्शाने काय झाले ते पाहतो. तोल जाऊन एखादी पडली आणि तिच्या पसरलेल्या पायाला अडखळून दुसरी पडली, तर पहिलीने मुद्दाम केले नाही हे सर्वांना दिसत असूनही तिला दंड होतो. आपल्या परंपरेत प्रायश्चित्तसंस्काराच्या वेळी हेतूला फार मोठे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. पापाचा निवाडा हेतू वगळून होऊच शकत नाही. परंतु पापाचा निवाडा आणि इजेची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'माझ्या मनात तसे काही नव्हते' हे वाक्य आपण किती वेळा ढालीसारखे पुढे करतो! मनात नव्हते हे खरे. पण समोरचा पडला हेही तितकेच खरे. हेतूची चौकशी सुरू झाली की, प्रत्येक भांडण दुसऱ्याच्या अंत:करणाविषयीचे भांडण होते, आणि तेथे कुणाला पुरावा देता येत नाही. वैराची मुळे बहुधा याच मातीत रुजतात. पंच त्या मातीत पाऊलच घालीत नाही. तो म्हणतो, तुझे मन कसे आहे ते मी ठरवीत नाही. तुझा पाय कोठे होता तेवढे सांगतो.

दंडाची रीतही पाहण्यासारखी आहे. पंच शिट्टी वाजवून रंग, क्रमांक व दोष मोठ्याने सांगतो. त्या खेळाडूने स्वत:हून मार्ग सोडावयाचा आणि दंडाच्या बाकावर तीस सेकंद बसावयाचे. वाद घालीत ती रेंगाळली तर तो निराळा दोष. तीस सेकंद संपले की ती उठते, घोळक्याच्या मागून पुन्हा मार्गावर येते, आणि हिशेब मिटतो. दोषांची नोंद राहते. सात दोष भरले की त्या सामन्यातून ती बाहेर जाते. पण प्रत्येक दोषाची शिक्षा ठरलेली, मोजलेली आणि संपणारी असते. आपल्या खासगी न्यायालयांत नेमकी हीच गोष्ट नसते. आपण एकमेकांना शिक्षा देतो, पण तिची मुदत सांगत नाही. 'अमक्याशी मी बोलत नाही' ही शिक्षा किती दिवसांची? ती सांगता येत नाही म्हणूनच ती जन्मठेप होते. मोजलेली शिक्षा कठोर असली तरी तिच्यात एक दया असते: तिला शेवट असतो.

तथापि या सर्व नियमांत आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो घोळक्याचा नियम. घोळका, म्हणजे खेळाच्या भाषेतला 'पॅक', कशाला म्हणायचे याची व्याख्या केलेली आहे. दोन्ही संघांच्या ब्लॉकर ज्यात आहेत आणि ज्या एकमेकींपासून दहा फुटांच्या आत आहेत, असा सर्वांत मोठा गट म्हणजे पॅक. या पॅकच्या पुढे व मागे वीस फुटांपर्यंतच ब्लॉकरला कुणाला अडविता येते. एखाद्या संघाच्या ब्लॉकर प्रतिस्पर्ध्यांपासून फुटून दूर निघून गेल्या आणि पॅक मोडला, तर अडविण्याचा हक्क तत्क्षणी सर्वांचाच संपतो. पंच तसे पुकारतो, आणि मग दोन्ही संघांनी परत जवळ येऊन पॅक जुळविणे हे कर्तव्य ठरते. जी मुद्दाम पॅक मोडील तिला दंड.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. विरोध करावयाचा असेल तर जवळ राहिले पाहिजे. प्रतिस्पर्ध्याला सोडून दूर जाल तर त्याला अडविण्याचा तुमचा अधिकारच नाहीसा होतो. वैराची चाल नेमकी उलट असते. वैरी प्रथम अंतर वाढवितो. तो येणे-जाणे बंद करतो, बोलणे बंद करतो, निराळ्या वाटेने जातो, आणि त्या दुरूनच वार करीत राहतो. निनावी पत्र, कुजबूज, तिऱ्हाइताकडून पाठविलेला निरोप, आणि आता तर हातातल्या फोनवरून सोडलेला विखारी मजकूर, ही सर्व दहा फुटांच्या पलीकडून चालविलेली शस्त्रे होत. जवळ असलेल्या माणसाला आपण ढकलतो तेव्हा त्याचे वजन आपल्याला कळते, त्याचा श्वास ऐकू येतो, तोही आपल्याला ढकलू शकतो. अंतर पडले की समोरचे माणूस माणूस राहत नाही. ते एक नाव होते.

आणखी एक अधिकार येथे आहे. घोळक्यातून नियमाने प्रथम बाहेर पडणाऱ्या जॅमरला 'लीड जॅमर' म्हणतात. तिला हवे तेव्हा ती जॅम थांबवू शकते. दोन्ही हातांनी कंबरेवर थापट्या मारल्या की पंच शिट्टी देतो आणि झटापट संपते. हा अधिकार ती अर्थातच आपल्या सोयीने वापरते. चार गुण घ्यावे आणि दुसरी जॅमर पोहोचण्यापूर्वी थांबावे, हा हिशेबच आहे, औदार्य नव्हे. परंतु पुढे असलेल्याच्या हाती थांबविण्याचा अधिकार देणारा नियम एक शहाणपण शिकवितो. आपण बहुतेक जण हरू लागलो की थांबू पाहतो. जिंकत असताना आता पुरे असे म्हणणे ज्याला जमले, त्याने अर्धी भांडणे मिटविली.

नवोदित मुलगी मंडळात आली की तिला प्रथम काय शिकवितात? पडायला. गुडघे, कोपरे, मनगटे यांना जाड आवरणे, तोंडात दातांचे रक्षक, डोक्याला हेल्मेट, आणि मग पडण्याचे धडे. एका गुडघ्यावर, दोन गुडघ्यांवर, पुढे झेपावत, आणि प्रत्येक वेळी अंग आखडून. हात-पाय पसरून पडायचे नाही, कारण मागून येणारी त्यांवर अडखळेल. बोटे मुठीत घ्यायची, नाहीतर त्यांवरून चाके जातील. पडून झाले की लगेच उठायचे. वेगाची परीक्षा त्यानंतर. पाच मिनिटांत मार्गाच्या सत्तावीस फेऱ्या हे माप अनेक मंडळांत वर्षानुवर्षे चालत आले. वर आम्ही 'पडते घेणे' हा शब्दप्रयोग केला. पडते घेणे आणि पडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पडते घेणारी धक्का लागण्यापूर्वीच बाजूला होते आणि मनात हिशेब ठेवते. पडणारी पूर्ण जोराने उभी राहते, हरते, आणि उठते. तिच्या मनात हिशेब उरण्याचे कारण नसते. जे व्हायचे ते उघड्यावर झालेले असते. आणि एखादीला खरोखरच दुखापत झाली तर खेळ थांबतो, दोन्ही संघांच्या मुली जेथे असतील तेथे एक गुडघा टेकून बसतात, आणि ती उठली की टाळ्या देतात. तिला पाडणारीही त्यांत गुडघा टेकून असते.

येथवर वाचून कुणी म्हणेल, हे सारे गोड चित्र झाले. पण हाडे मोडतात त्याचे काय? मोडतात. घोट्याजवळची हाडे मोडतात, गुडघ्याचे स्नायुबंध तुटतात, डोक्याला मार बसून मेंदूला हादरे बसतात. शरीर ही देणगी आहे. ती स्वेच्छेने धोक्यात घालण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? दोघांची संमती असली म्हणजे काहीही योग्य ठरते, हे मत आम्हांला मान्य नाही. संमतीने केलेला अपमानही अपमानच असतो. परंतु येथे कृतीचा रोख कशावर आहे हे पाहिले पाहिजे. मुष्टियुद्धात प्रतिस्पर्ध्याला शुद्धीवरून उतरविणे हे विजयाचे एक साधन आहे; त्याच्या देहाची हानी हाच तेथे हेतूचा भाग होतो. डर्बीत कुणाला जखमी करण्याला गुण नाही. गुण आहे तो पार होण्याला. धक्का लागतो माणसाला, पण रोख असतो जागेवर. संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना एकाच कृतीचे अभिप्रेत आणि अनभिप्रेत असे दोन परिणाम वेगळे केले होते. तो विवेक येथे उपयोगी पडतो. त्याच संतांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात खेळाचा अतिरेक जसा दोष ठरविला, तसा खेळाचा अभाव हाही दोष होऊ शकतो असे मांडले आहे, हे आपल्यातील गंभीर मंडळींनी अवश्य लक्षात ठेवावे. धोक्याचे माप मात्र राहतेच. जिच्यावर लहान मुले अवलंबून आहेत तिने ते वेगळ्या हाताने मोजावे. पण ते तिनेच मोजावे. गवंड्याने किंवा मच्छीमाराने रोज पत्करलेला धोका आपण मोजीत नाही आणि बाईने रविवारी पत्करलेला मोजतो, तेव्हा आपली काळजी नक्की कशाची आहे हेही तपासावे.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. खेळ हा खेळ आहे. तेथे दोन्ही बाजूंनी नियम आधी मान्य केलेले असतात, पंच असतात, साठ मिनिटांनी सर्व संपते, आणि हरणारी घरी जाते तेव्हा तिचे शेत गेलेले नसते. जीवनातल्या विरोधात यांपैकी काहीच हमी नसते. बलवान नियम मोडतो, पंच विकला जातो, आणि हरणाऱ्याचे छप्पर जाते. अशा वेळी वैर बाळगू नका असे सांगणे म्हणजे दुबळ्याला आणखी दुबळे करणे नव्हे काय? या आक्षेपाचे पूर्ण उत्तर आमच्याजवळ नाही, आणि खेळाकडेही ते नाही. अन्याय झाला असता तो मिटल्याविना गुडघा टेकून टाळ्या वाजवाव्या, असे आम्ही सुचवीत नाही. उलट या खेळातून निघणारा निष्कर्ष असा की, न्याय्य नियम आणि जागे पंच नसतील तर वैराविना विरोध टिकतच नाही.

आम्हांला या खेळापासून घ्यावयाचे ते हेच. आपण समजतो की, वैर नसणे ही मनाची अवस्था आहे. मन निर्मळ झाले की वागणे आपोआप निर्मळ होईल. म्हणून आपण प्रवचनांतून मनाला उपदेश करतो आणि संस्थांच्या घटना, सभांचे नियम, हिशेब दाखविण्याची पद्धत, तक्रार ऐकण्याची रीत यांकडे रुक्ष बाबी म्हणून पाहतो. डर्बीची मंडळे उलट क्रमाने चालतात. एकमेकींवर प्रेम करा, असे त्यांच्या नियमपुस्तकात लिहिलेले नाही. अंतर किती, स्पर्श कोठे, दंड किती सेकंदांचा, एवढेच लिहिले आहे. त्या नियमांत राहून दोन वर्षे एकमेकींना ढकलल्यावर त्या बायकांत जे निर्माण होते, त्याला मैत्री म्हणायला हरकत नसावी. एकाच मंडळाचे दोन संघ शनिवारी एकमेकांविरुद्ध खेळतात आणि मंगळवारी एकत्र सराव करतात; एवढेच नव्हे, तर जिने कालच्या सामन्यात पाडले तिलाच, ते कसे केलेस ते मला शिकव, असे विचारण्याची रीत तेथे आहे. त्यांच्यातही रुसवे होतात, मंडळे फुटतात. ऑस्टिनचे उदाहरण वर आलेच आहे. पण फुटलेली ती दोन्ही मंडळे पुढे कित्येक वर्षे त्याच शहरात, आपापल्या रीतीने, खेळत राहिली.

पंचांचाही उल्लेख केला पाहिजे. एका सामन्याला सातपर्यंत पंच स्केट घालून धावत असतात, आणि गुण, वेळ व दंड नोंदणारे इतर अधिकारी निराळे. बहुतेक सर्व स्वयंसेवक. दुखापतीमुळे किंवा वयामुळे खेळणे सोडलेल्या अनेक जणी पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून पंच होतात. म्हणजे दहा जणींनी निर्वैर झगडावे यासाठी आणखी तितक्याच माणसांना रविवार खर्ची घालावा लागतो. वैर फुकट मिळते. विरोधाला मनुष्यबळ लागते. आपल्या संस्थांत निवडणूक लढवायला माणसे मिळतात, पण मते मोजायला, सभेचे इतिवृत्त नीट लिहायला, दोन्ही बाजूंचे ऐकून घ्यायला माणसे मिळत नाहीत. मग भांडणे चिघळली याचे आश्चर्य का वाटावे?

सामन्याच्या दिवशी प्रेक्षक येण्याच्या कितीतरी आधी त्या बायका हॉलमध्ये पोहोचतात. मापाची फीत धरून जमिनीवर लंबगोल आखतात, दोरी अंथरतात, गुडघे टेकून तिच्यावर पट्टी चिकटवतात. दोरीचे एक टोक एका संघाच्या मुलीच्या हातात असते आणि दुसरे दुसऱ्या संघाच्या. हॉल भाड्याचा असला तर सामना झाल्यावर तीच पट्टी त्याच हातांनी उपटून काढावी लागते, कारण दुसऱ्या दिवशी तेथे दुसरे कुणी खेळणार असते. पुढच्या सामन्याला मार्ग पुन्हा आखावा लागतो.